नकाराचा अधिकार : पटकथेच्या सहलेखनाविषयी



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांना ग्रंथांइतकाच रंगभूमीचा आणि चित्रपटाचाही व्यासंग होता, हे येथे जमलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणूनच चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा चित्रपटाच्या कागदी अंगाविषयी, म्हणजे पटकथेविषयी बोलावे, आणि त्यातही पटकथा जेव्हा दोन माणसे मिळून लिहितात तेव्हा त्यांच्यामध्ये नेमका कोणता व्यवहार चालतो याविषयी बोलावे, असे माझ्या मनाने घेतले. लिहू लागलेली तरुण मंडळी भेटतात तेव्हा त्यांचा एक प्रश्न हटकून असतो : जोडीदार शोधावा कोठे, आणि सापडला तर तो आपला आहे हे ओळखावे कसे? प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे आणि दुसरा कठीण. ज्याच्याशी आपली आवड जुळते तो आपला जोडीदार, असे सामान्यतः मानले जाते. मला हे मान्य नाही. ज्याचा नकार आपण अपमान न मानता स्वीकारू शकतो, आणि ज्याला आपण न भीता नकार देऊ शकतो, तो जोडीदार, असे माझे मत आहे. आणि हे मत ज्या दाखल्यांवरून बनले ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहेत.

पटकथा ही वाचनासाठी सिद्ध केलेली साहित्यकृती नव्हे. कादंबरीचे पान वाचकाच्या एकांतात उघडते. पटकथेचे पान मात्र पडद्यावर जाण्यापूर्वी निर्मात्याच्या दिवाणखान्यात, दिग्दर्शकाच्या कचेरीत आणि नटाच्या रंगपटात मोठ्याने वाचले जाते, सांगितले जाते, ऐकले जाते, आणि त्या ऐकण्यातच ते जगते किंवा मरते. एकट्याने लिहिणाऱ्याला आपल्या वाक्याचा आवाज स्वतःच्याच कानांनी ऐकावा लागतो, आणि स्वतःचा कान हा फार दयाळू असतो. जेथे प्रसंग लंगडतो तेथे लेखकाचे मन आपल्या हेतूची आठवण करून देऊन ते लंगडणे झाकून टाकते. दुसऱ्या माणसाला तो हेतू ठाऊक नसतो. त्याला फक्त कागदावरचा प्रसंग दिसतो, आणि म्हणून तो 'हे नाही झाले' असे म्हणू शकतो.

आता नकार तर चित्रपटाच्या धंद्यात पावलोपावली मिळतो. निर्माता नामंजूर करतो, वितरक इतराजी दाखवतो, नटाला संवाद जिभेवर बसत नाही. परंतु त्यांचा नकार आणि जोडीदाराचा नकार यांत एक मूलभूत भेद आहे. इतरांना नकार देऊन घरी जाता येते; जोडीदाराला मात्र स्वतः दिलेल्या नकाराची किंमत स्वतःच मोजावी लागते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कोऱ्या कागदासमोर त्यालाही बसायचे असते. श्रमाचा हिस्सा उचलल्यावाचून नकाराची मुखत्यारी मिळत नाही.

आपल्या परंपरेत जोडनावे नाहीत असे नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात गाजलेले होनाजी-बाळा हे नाव आपण आजही एका दमात उच्चारतो, आणि त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९५१ साली 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला हेही आपल्याला स्मरते. पण होनाजी रचीत असे आणि बाळा गात असे. कामाची वाटणी स्वच्छ होती, लेखणी एकाचीच होती. मराठी बोलपटानेही पुढे हीच वहिवाट सांभाळली. ग. दि. माडगूळकरांनी 'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद आणि गीते असा सारा सरंजाम एकट्याने उभा केला, पु. ल. देशपांडे यांच्या 'गुळाचा गणपती'मुळे (१९५३) 'सबकुछ पु. ल.' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. या प्रतिभावंतांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. मात्र त्यांच्या तेजामुळे एक समजूत आपल्यात घट्ट रुजली, ती अशी की खरा लेखक एकटा लिहितो, आणि जो दुसऱ्याची सोबत घेतो त्याच्यात काहीतरी उणे असते. ही समजूत चित्रपटाच्या इतिहासापुढे टिकत नाही.

बिली वाइल्डर आणि चार्ल्स ब्रॅकेट यांचेच पाहा. १९३६ साली पॅरामाउंट कंपनीच्या लेखनखात्याने या दोघांना एका खोलीत बसविले. त्यांनी एकमेकांना निवडले नव्हते. ब्रॅकेट हा न्यूयॉर्क राज्यातील सुप्रतिष्ठित घराण्यातला, हार्वर्डचा कायदेपंडित, कादंबरीकार, 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचा एकेकाळचा नाट्यसमीक्षक, राजकारणात रिपब्लिकन पक्षाचा आणि वागण्यात मर्यादाशील. वाइल्डर त्याच्याहून सुमारे चौदा वर्षांनी लहान, ऑस्ट्रियाच्या जुन्या साम्राज्यात जन्मलेला ज्यू, व्हिएन्ना आणि बर्लिन येथे वार्ताहरकी केलेला, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडून पळालेला, आणि अमेरिकेत उतरला तेव्हा इंग्रजी जवळजवळ न येणारा. ब्रॅकेट कोचावर पहुडून पिवळ्या कागदांच्या वहीत लिहीत असे, आणि वाइल्डर हातात काठी घेऊन खोलीभर येरझारा घालीत असे. एकाजवळ भाषेची सभ्यता होती, दुसऱ्याजवळ जगाचा कडू अनुभव. आणि एकाची सभ्यता दुसऱ्याच्या कडवटपणाला, तर दुसऱ्याचा कडवटपणा पहिल्याच्या सभ्यतेला सतत अडवीत राहिला. 'निनोच्का' (१९३९, वॉल्टर राइश याच्यासह), 'द लॉस्ट वीकेंड' (१९४५) आणि 'सनसेट बुलेव्हार्ड' (१९५०) यांसारख्या पटकथा या अडवणुकीतून निघाल्या.

या काळातील एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. 'होल्ड बॅक द डॉन' (१९४१) या चित्रपटाचा नायक अमेरिकेत प्रवेश मिळावा म्हणून मेक्सिकोच्या सरहद्दीवरील एका कळकट हॉटेलात दिवस कंठीत असतो. वाइल्डरने स्वतः १९३४ साली त्याच सरहद्दीवर परवान्याची वाट पाहिली होती, त्यामुळे हा भाग त्याच्या जिव्हारीचा होता. दोघांनी एक लहानसा प्रसंग लिहिला : खाटेवर पडलेल्या नायकाला भिंतीवरून चढणारे झुरळ दिसते, तो काठीने त्याची वाट अडवतो आणि सरहद्दीवरच्या अंमलदाराच्या आवाजात त्याला दरडावतो की कोठे चाललास, तुझे कागदपत्र कोठे आहेत. निर्वासिताची अगतिकता, त्याचा संताप आणि ज्या दप्तरशाहीने त्याला चिरडले तिचीच भाषा त्याच्या तोंडी येण्यातील विदारकता, हे सारे एका झुरळाच्या आधाराने त्यात आले होते. नायकाची भूमिका करणाऱ्या शार्ल बॉयेला झुरळाशी बोलणे कमीपणाचे वाटले, दिग्दर्शक मिचेल लायझनने त्याचे ऐकले आणि प्रसंग गळाला. वाइल्डर इतका संतापला की चित्रपटाचा जो उत्तरार्ध लिहावयाचा शिल्लक होता त्यात त्याने आणि ब्रॅकेटने बॉयेच्या वाट्याचे संवाद कमी करून टाकले. पुढे आपल्या लेखनाचे रक्षण करण्यासाठी तो स्वतः दिग्दर्शक झाला. येथे नकार देणाऱ्याला सत्ता होती, अधिकार नव्हता. त्या प्रसंगाऐवजी दुसरा प्रसंग कोरण्याची जबाबदारी बॉयेवर येणार नव्हती. हाच नकार ब्रॅकेटने त्या खोलीत दिला असता तर कदाचित वाद झाला असता, पण त्या वादातून काहीतरी लिहिले गेले असते.

'लाइफ' साप्ताहिकाने १९४४ साली या जोडीवर लेख छापला, त्यात त्यांना हॉलिवुडातील सर्वांत सुखी दांपत्य म्हटले होते. लेखक-जोडीला दांपत्याची उपमा देण्याचा प्रघात तेव्हापासून आजतागायत चालू आहे, आणि मला तो घातक वाटतो. संसारात पुष्कळ गोष्टी पोटात घालाव्या लागतात, आणि त्या पोटात घालण्यातच त्या नात्याचे सौंदर्य असते. पटकथेत मात्र जोडीदाराचे एक कच्चे वाक्य जरी प्रेमापोटी खपवून घेतले, तरी ते हजारो प्रेक्षकांसमोर उघडे पडते. ब्रॅकेट-वाइल्डर यांचे सुख असे क्षमाशील नव्हतेच. 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये उतारवयातील नायिका पुन्हा पडद्यावर येण्यासाठी आपल्या चेहऱ्यावर आणि देहावर जे कठोर उपचार करवून घेते, त्यांची दृश्यमालिका ब्रॅकेटला असभ्य वाटली, वाइल्डरला अपरिहार्य वाटली, आणि त्यावरून कडाक्याची तकरार झाली. तो चित्रपट हातावेगळा होताच वाइल्डरने ही जोडी मोडली. ब्रॅकेटला तो घाव जन्मभर जाणवला असे दिसते; मात्र त्याची लेखणी थांबली नाही, आणि 'टायटॅनिक' (१९५३) या पटकथेसाठी वाइल्डरवाचूनही त्याला ऑस्करचा मान मिळाला.

मधल्या काळात वाइल्डरने एक वेगळा जोडीदार अनुभवला होता, आणि तो दाखला उलट बाजूने शिकवणारा आहे. जेम्स केन याच्या 'डबल इंडेम्निटी' या कादंबरीवर चित्रपट करावयाचे ठरले तेव्हा ती गोष्ट ब्रॅकेटच्या रुचीला मानवली नाही, आणि रहस्यकथाकार रेमंड चँडलर याला बोलावण्यात आले. चँडलरने यापूर्वी पटकथा लिहिली नव्हती. वाइल्डरची काठी, त्याचे दूरध्वनी, त्याचे हुकूम यांनी तो इतका त्रासला की त्याने आपल्या गाऱ्हाण्यांची लेखी कैफियतच कंपनीला सादर केली. असे असूनही या खोलीतला सर्वांत मोलाचा नकार त्याचाच होता. वाइल्डरला केनचे संवाद जसेच्या तसे उचलावयाचे होते, कारण कादंबरीत ते वाचताना कमालीचे धारदार वाटतात. चँडलर म्हणाला की हे संवाद डोळ्यांसाठी लिहिलेले आहेत, कानांसाठी नाहीत. नट बोलावून ते म्हणवून घेतले गेले, आणि पानावर चमकणारी ती वाक्ये तोंडात येताच मातीमोल झाली. मग संवाद नव्याने लिहिले गेले, आणि चित्रपट (१९४४) आपल्या जातीचा आदर्श ठरला. ते दोघे पुन्हा कधी एकत्र बसले नाहीत. कृती उत्तम झाली म्हणजे भागीदारी उत्तम होती असा निष्कर्ष काढता येत नाही, हे आपल्याकडील यशस्वी जोड्यांकडे पाहतानाही ध्यानात ठेवावे.

वाइल्डरला मनाजोगता जोडीदार लाभला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आय. ए. एल. डायमंड याच्या रूपाने. रुमानियात जन्मलेला, बालपणी अमेरिकेत आलेला, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस अत्यंत मितभाषी होता. वाइल्डर कल्पनांचा वर्षाव करीत असे, डायमंड टंकयंत्रासमोर बसून ऐकत असे, आणि त्याच्या तोंडची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे 'काय हरकत आहे?' एवढाच उद्गार. ज्याची संमती इतकी महाग आहे त्याच्या मौनालाही अर्थ येतो. १९५७ पासून १९८१ पर्यंत या दोघांनी बारा चित्रपट लिहिले. त्यांतील 'सम लाइक इट हॉट'चा (१९५९) जगप्रसिद्ध शेवटचा संवाद डायमंडने सुचविला होता, आणि दोघांनाही तो पुरेसा वाटला नव्हता. अधिक चांगले सुचेपर्यंत राहू द्यावा म्हणून मसुद्यात घातलेले ते वाक्य अखेर तसेच राहिले. दोघांनी एकत्र बसून जी साशंकता बाळगली तिच्यात मला त्यांची भागीदारी दिसते.

परंतु नकाराचे खरे ऐश्वर्य पाहावयाचे असेल तर जपानकडे वळले पाहिजे. अकिरा कुरोसावा हा जगातील थोर दिग्दर्शकांपैकी एक. त्याने एकट्याने लिहिण्याची पद्धत सोडून देऊन आपल्याभोवती लेखकांचे मंडळ जमवले. शिनोबू हाशिमोतो हा क्षयाने अंथरुणाला खिळलेला असताना पटकथेकडे वळलेला तरुण. अकुतागावा या कथाकाराच्या कथेवर त्याने केलेल्या खर्ड्यातून 'राशोमोन' (१९५०) उभा राहिला. हिदेओ ओगुनी हा वयाने आणि अनुभवाने वडील. कुरोसावा आणि हाशिमोतो एकच प्रसंग स्वतंत्रपणे लिहीत, आणि ओगुनी तो वाचून निवाडा देई. ओगुनी स्वतः लेखणी धरीत नसे. लिहिणारा माणूस आपल्या लिहिण्याच्या प्रेमात पडतोच, तेव्हा न लिहिणारा पण खोलीतून न उठणारा एक माणूस हवा, हे कुरोसावाने जाणले होते.

'सेव्हन सामुराई'च्या (१९५४) जन्मकथेचे साधन हाशिमोतोच्या आठवणी हे आहे, आणि ती कथा दोन नकारांची आहे. आरंभी बेत होता तो एका सामुराईच्या एका दिवसाचा : सकाळी तो गढीवर कामाला जातो, त्याच्या हातून एक क्षुल्लक चूक होते, आणि संध्याकाळी घरी येऊन तो आत्मघात करतो. हाशिमोतो ग्रंथालयात बसून त्या काळाची बारीकसारीक रुजुवात करू लागला, तेव्हा एक अडचण उभी राहिली. त्या काळी दोन वेळा जेवण्याची रीत होती की तीन वेळा? सामुराई दुपारी गढीवर काय खात असे? शिदोरी घरून नेत असे काय? याचे निश्चित उत्तर मिळेना, आणि ज्या दिवसाचे चित्र काढावयाचे त्या दिवसातील दुपारचे जेवणच संशयित असेल तर तो दिवस खरा कसा वाटेल, या विचाराने त्याने कामच थांबविले. कुरोसावा रागावला; पण ज्या माणसाने महिनोन्‌महिने पुस्तके उपसून हा नकार आणला होता त्याचा नकार त्याने मानला. मग जपानच्या नामांकित तलवारबहाद्दरांच्या चरित्रांतील परमोच्च प्रसंगांची माला गुंफावी असे ठरले. हाशिमोतोने खर्डा केला, आणि या वेळी नकार कुरोसावाकडून आला. नुसत्या शिखरांची पटकथा होत नाही, असे त्याचे म्हणणे पडले, आणि हाशिमोतोने तो खर्डा बाजूला ठेवला. त्यानंतर एक साधा प्रश्न निघाला : देशभर हिंडणारे हे योद्धे पोट कसे भरीत? शोध घेता कळले की आखाडे आणि मंदिरे यांचा आसरा न मिळाल्यास ते एखाद्या गावात रात्रीची राखण करीत आणि गावकरी त्यांना जेवू घालीत. भुकेल्या योद्ध्यांना भाताच्या मोबदल्यात गाव राखावयास ठेवणारे शेतकरी, हे कथानक तेथून सापडले, आणि अतामीच्या विश्रामगृहात बसून तिघांनी ते सिद्धीस नेले. दुपारच्या जेवणावर अडलेली पटकथा अखेर जेवणाच्याच प्रश्नातून सुटली. पहिला बेत भिडेखातर रेटला असता तर आपल्याला हा चित्रपट लाभला नसता.

आपल्या देशात या व्यवहाराला प्रतिष्ठा मिळवून दिली ती सलीम-जावेद या जोडीने. सलीम खान इंदूरहून नट व्हावयास मुंबईला आले, जावेद अख्तर १९६४ साली दिग्दर्शक होण्याच्या आकांक्षेने आले, आणि 'सरहदी लुटेरा' या आज विस्मृतीत गेलेल्या चित्रपटाच्या निमित्ताने त्यांची गाठ पडली. दोघांची मूळ उमेद फसलेली होती, आणि ती फसल्यामुळेच ते एकमेकांच्या जवळ आले. पुढे सिप्पी फिल्म्सच्या कथाविभागात पगारी नोकर म्हणून त्यांनी उमेदवारी केली. 'जंजीर' (१९७३) झळकला तेव्हा भित्तिपत्रकांवर लेखकांची नावे छापलेली नव्हती; त्यांनी रंगारी लावून मुंबईभरच्या पत्रकांवर आपली जोडनावे रंगवून घेतली. १९७५ साली 'दीवार' आणि 'शोले' आले. कोणी काय लिहिले, हा प्रश्न त्यांना सतत विचारला गेला. जावेद उर्दू लिपीत संवाद उतरवीत आणि कथानकाची बांधणी सलीम यांच्याकडून अधिक येई, असे सामान्यतः सांगितले जाते, पण या वाटणीचा उलगडा त्यांनी त्या काळात जाणूनबुजून केला नाही, आणि मला ते योग्य वाटते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ही जोडी फुटली.

या संदर्भात आपल्या एका माणसाचे नाव घेणे मला अगत्याचे वाटते. राज कपूर यांच्या 'आवारा' (१९५१) आणि 'श्री ४२०' (१९५५) यांचे श्रेय बोलताना सगळे ख्वाजा अहमद अब्बास यांना देतात. पण श्रेयनामावलीत अब्बास यांच्याबरोबर व्ही. पी. साठे हे मराठी नाव आहे, आणि १९७३च्या 'बॉबी'पर्यंत ते टिकले आहे. दोन दशकांहून अधिक काळ एखाद्याच्या शेजारी बसून लिहिणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि त्या साठे यांच्यावर आपण मराठीत किती लिहिले?

आता व्यवहाराची बाब. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात सहकर्तृत्वाची व्याख्या आहे : ज्या कृतीत एकाचा हिस्सा दुसऱ्याच्या हिश्शापासून वेगळा काढता येत नाही ती संयुक्त कृती, आणि अशा वाङ्मयीन कृतीचा हक्क शेवटी मरण पावणाऱ्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अमेरिकेतील लेखकसंघाने तर नामावलीतील चिन्हांनाही अर्थ दिला आहे. दोन नावे '&' या चिन्हाने सांधलेली असतील तर ती एकत्र लिहिणारी जोडी समजावी, आणि मध्ये 'अँड' हा शब्द अक्षरी असेल तर दोघांनी वेगवेगळे, बहुधा एकामागून एक, काम केले असे समजावे. आपली तरुण मंडळी मैत्रीत कागद आणण्यास संकोचतात. हा संकोच सोडावा. करारनामा काम सुरू होण्यापूर्वी करावा, त्यात मोबदल्याचा हिस्सा, नावांचा क्रम आणि जोडी मोडल्यास अपुऱ्या पटकथेचे काय करावे ही कलमे असावीत, आणि मुंबईच्या पटकथाकार संघटनेकडे मसुद्याची नोंद दोन्ही नावांनी करावी. हिश्शाचा प्रश्न आधी मिटलेला असला म्हणजे खोलीतल्या नकारामागे पैशाचा हेतू आहे की काय, ही शंका उरत नाही.

जोडीदार कोठे मिळेल, याचे उत्तर आपल्याकडे फार दूर शोधावयास नको. १९६३ पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांच्या तालमींत मुले महिनोन्‌महिने एकमेकांची वाक्ये ऐकतात, तोडतात, बदलतात. तेथे कोण नुसता वाहवा करतो आणि कोण 'दुसरा प्रवेश पुन्हा लिही' म्हणून रात्री थांबतो, हे लवकरच कळून येते. त्या थांबणाऱ्याला धरावे. त्याच्याबरोबर चित्रपट लिहावयाला एकदम बसू नये. एक प्रसंग घ्यावा, दोघांनी तो कुरोसावाच्या रीतीने स्वतंत्रपणे लिहावा, आणि एकमेकांसमोर मोठ्याने वाचावा. ज्याच्या वाचनानंतर आपला खर्डा आपणहून बाजूला सारावासा वाटला, आणि ज्याने पुढल्या खेपेला आपल्या खर्ड्यापुढे स्वतःचा बाजूला सारला, त्याच्याबरोबर पुढे जावे.

आणि चालकांपुढे आणि आपणा सर्वांपुढे माझी एक विनंती आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे फिती जपल्या जातात तशी पटकथांची हस्तलिखितेही जपली जातात. चित्रपट पूर्ण झाला की त्याचे खर्डे रद्दीत घालण्याची आपल्याकडे सवय आहे. ज्या लेखकांच्या घरी असे जुने कागद पडून असतील, एकाच्या अक्षरातील मजकुरावर दुसऱ्याच्या अक्षराने रेघ मारलेली पाने असतील, त्यांच्या कुटुंबीयांनी ते कागद संग्रहालयाकडे द्यावेत. छापील नामावलीवरून कोणी कोणाला काय नाकारले हे कधीच कळणार नाही. ते त्या रेघांतच उतरलेले आहे, आणि आपल्या भाषेतील सहलेखनाचा अभ्यास कोणाला करावयाचा असेल तर तो त्या पानांवरूनच सुरू करता येईल.